ॲपमध्ये तारीख टाकली, तरी काम राहिलंच? कामं तारखेनुसार लावायची पद्धत समजून घ्या

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय आठवा. दूध आलं नाही त्या दिवशी मारलेली फुली, गॅसचा नवा सिलिंडर लावला ती तारीख, भिशीचा हप्ता, मावसबहिणीच्या साखरपुड्याभोवती काढलेला लाल गोल. 1973 मध्ये जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय सुरू केलं आणि तेव्हापासून मराठी घरांत पंचांगाच्या सोबतीला एक फुकटची डायरीही मिळाली. काम तारखेच्या चौकोनात लिहायचं, जाता-येता नजर टाकायची, झालं की खोडायचं.

मोबाईलमधली टू-डू ॲप्सही नेमकं हेच करतात. गुगल टास्क्स, मायक्रोसॉफ्ट टू डू, टोडोइस्ट, टिकटिक, थिंग्ज, नोशन, कोणतंही घ्या. काम लिहा, तारीख टाका, ॲप ते बरोबर क्रमाने लावून देतं.

मग होतं काय? पहिल्या दिवशी उत्साहात चाळीस कामं भरली जातात. दुसऱ्या आठवड्यात त्यातली वीस लाल रंगात दिसायला लागतात, कारण तारीख उलटून गेलेली असते. तिसऱ्या आठवड्यात ॲप उघडायचीच भीती वाटते आणि महिन्याभरात ते डिलीट होतं. परत भिंतीवरचं कालनिर्णय बरं वाटायला लागतं.

गंमत म्हणजे यात चूक ॲपचीही नसते आणि आळशीपणाचीही नसते. गडबड ‘तारीख’ या शब्दात आहे.

एका घरातली यादी

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातलं चांदे गाव घ्या. शेजारी नांदे, जवळच माण-हिंजवडीचा आयटी पट्टा, तालुक्याचं ठिकाण पौड. मुळशी म्हणजे भाताचा तालुका, आणि त्याच तालुक्यात राज्यातलं सगळ्यात गजबजलेलं आयटी पार्क. त्यामुळे इथल्या एकाच घरात दोन वेगवेगळी कॅलेंडरं चालतात. समजा, अशा एका घरातली मुलगी हिंजवडीत नोकरी करते, वडील भात लावतात, आणि घरातली ऑनलाइन कामं साहजिकच तिच्या गळ्यात आहेत.

तिच्या यादीत काय काय असेल? महावितरणचं बिल. खरिपाची ई-पीक पाहणी. स्कूटरचा इन्शुरन्स. मॅनेजरला द्यायचा रिपोर्ट. ग्रामसभा. आजोबांचं श्राद्ध. आणि वडिलांनी सांगितलेलं, “लावणीला दोन दिवस सुट्टी काढ गं.”

ही सगळी कामं तिने ॲपमध्ये टाकली आणि तारखेनुसार सॉर्ट केली, तर ॲपच्या नजरेत ती सगळी एकसारखी आहेत. प्रत्येकासमोर एक तारीख, जी आधी येते ती वर. प्रत्यक्षात मात्र या सातही तारखांचा अर्थ वेगळा आहे. बिलाची तारीख ही शेवटची तारीख आहे. पीक पाहणीला एक मुदत आहे, जिला सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत. श्राद्धाची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. आणि लावणीला तारीखच नाही, ती पावसावर आहे.

शेवटची तारीख म्हणजे करायची तारीख नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून हे नीट बघू.

महावितरणचं बिल हातात घ्या. त्यावर एकच रक्कम नसते. ठराविक तारखेच्या आत भरलं तर थोडी सूट, देय तारखेपर्यंत भरलं तर पूर्ण रक्कम, त्यानंतर भरलं तर विलंब आकारासह जास्त रक्कम. म्हणजे एका कामाला किमान दोन तारखा कागदावरच छापलेल्या आहेत. तिसरी तारीख छापलेली नसते, ती म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात फोन काढून पैसे भरणार तो दिवस. ॲपमध्ये बहुतेक जण देय तारीख टाकतात. मग त्या दिवशी सकाळी नोटिफिकेशन येतं, तेव्हा मीटिंग सुरू असते, संध्याकाळी नेट नसतं, आणि दुसऱ्या दिवशी काम लाल.

‘थिंग्ज’ या ॲपमध्ये हा फरक पहिल्यापासून नीट केलेला आहे. तिथे काम कधी करायचं याचा रकाना वेगळा आणि डेडलाइनचा वेगळा. टोडोइस्टमध्ये अनेक वर्षं एकच तारीख टाकता यायची, 2024 मध्ये तिथेही डेडलाइनचा वेगळा रकाना आला. तुमच्या ॲपमध्ये एकच रकाना असेल तर साधी युक्ती आहे. रकान्यात करायची तारीख टाका आणि शेवटची तारीख कामाच्या नावातच लिहा. “वीजबिल, शेवट 18 तारीख” असं. सॉर्टिंग करायच्या तारखेनुसार होतं आणि धोक्याची तारीख डोळ्यासमोर राहते.

दोन तारखांमध्ये अंतर किती ठेवायचं? इथे एक जुना अभ्यास कामाला येतो. 1994 मध्ये रॉजर ब्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी अंदाज आला सुमारे 34 दिवस. सगळंच बिनसलं तर किती लागतील, यावर उत्तर होतं जवळपास 49 दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी 55 पेक्षा जास्त. म्हणजे ‘सगळं बिनसलं तर’ हा अंदाजसुद्धा कमी पडला. याला मानसशास्त्रात ‘प्लॅनिंग फॅलसी’ म्हणतात, आणि हा शब्द डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच वापरला होता. बिल भरणं पाच मिनिटांचं काम आहे, तिथे दोन-तीन दिवस आधीची तारीख पुरते. रिपोर्टसारख्या कामाला मात्र तुम्हाला वाटतंय त्याच्या दीडपट वेळ धरायला हरकत नाही.

ई-पीक पाहणीत हे आणखी स्पष्ट दिसतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत शेतकरी स्वतः मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद करतो आणि ती सातबाऱ्यावर जाते. खरिपासाठीची मुदत साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि पुढे नुकसानभरपाई, पीक विमा किंवा हमीभावाने विक्री अशा ठिकाणी अडचण येते. म्हणजे हे राहून चालणारं काम नाही.

पण त्यासाठी शेतात जाऊन पिकाचा फोटो काढावा लागतो. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत उरकण्यासारखं ते नाही. चांद्यातल्या आपल्या मुलीने ॲपमध्ये ‘15 सप्टेंबर’ टाकलं आणि तो दिवस कामाचा निघाला, तर? तिची खरी तारीख आहे ऑगस्टमधला पहिला किंवा दुसरा रविवार. तेव्हा भात खाचरात उभा असतो, ती घरी असते, आणि एखाद्या रविवारी धो-धो पाऊस लागला तरी पुढचे तीन-चार रविवार हातात असतात.

अशा मुदती पुढेही ढकलल्या जातात. 2025 मध्ये आयकर विवरणपत्राची 31 जुलैची तारीख आधी 15 सप्टेंबर झाली आणि ऐनवेळी आणखी एक दिवस वाढून 16 सप्टेंबर. अशी बातमी आली की हात आपोआप ॲपकडे जातो आणि काम नव्या तारखेवर सरकतं. सरकवायचंच असेल तर नावातली शेवटची तारीख बदला, करायची तारीख आहे तिथेच राहू द्या.

पुन्हा पुन्हा येणारी कामं

‘रिपीट’चं बटण सगळ्यांना माहीत असतं. त्यात दोन प्रकार असतात, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पहिला प्रकार कॅलेंडरला बांधलेला. वीजबिल दर महिन्याला येणार, तुम्ही मागचं उशिरा भरलं म्हणून पुढचं उशिरा येत नाही. ग्रामसभा सहसा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला असते. या चार तारखा ‘दरवर्षी’ म्हणून एकदा टाकल्या की संपलं.

दुसरा प्रकार मागच्या वेळेला बांधलेला. पाण्याच्या फिल्टरची कँडल सहा महिन्यांनी बदलायची आहे. तुम्ही ती दोन महिने उशिरा बदलली, तर पुढची तारीख आजपासून सहा महिने हवी, जुन्या तारखेपासून नको. स्कूटरची सर्व्हिसिंगही तशीच. टोडोइस्टमध्ये इंग्रजीत ‘एव्हरी’ लिहिलं तर पहिला प्रकार लागू होतो आणि ‘एव्हरी’ला उद्गारचिन्ह जोडलं तर दुसरा. एवढ्याशा चिन्हाने फरक पडतो. ज्या ॲपमध्ये ही सोय नाही तिथे रिपीट लावूच नये. काम झालं की पुढची तारीख हाताने टाकावी.

इन्शुरन्स मात्र पहिल्या प्रकारातला आहे. पॉलिसी संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर साठलेला नो क्लेम बोनस जातो. आणि मधल्या दिवसांत गाडी विम्याशिवाय रस्त्यावर असते ते वेगळंच.

एक सापळा 31 तारखेचा. ‘दर महिन्याच्या 31 ला’ असं काम कॅलेंडरमध्ये टाकलं तर फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये काय होणार? कॅलेंडरची माहिती एका ॲपमधून दुसऱ्यात नेण्यासाठी ‘आरएफसी 5545’ नावाचं एक तांत्रिक प्रमाण आहे. त्याचा नियम असा, की जी तारीख अस्तित्वातच नाही ती मोजायची नाही. म्हणून गुगल कॅलेंडर असे महिने सरळ गाळतं. भाडं किंवा ईएमआय 31 ला टाकणाऱ्यांनी 28 तारीख धरलेली बरी.

तिथीचं काय करायचं?

आता आजोबांच्या श्राद्धाकडे येऊ. इथे परदेशात बनलेली सगळी ॲप्स गुडघे टेकतात.

तिथी चंद्रावर चालते. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा 11 दिवसांनी लहान. त्यामुळे सण दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे येतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतो. गणेश चतुर्थीच बघा. 2023 मध्ये 19 सप्टेंबर, 2024 मध्ये 7 सप्टेंबर, 2025 मध्ये 27 ऑगस्ट. पुढे 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती थेट 14 सप्टेंबरला. गणपतीला गावी जायचं म्हणून कुणी ‘सुट्टीचा अर्ज’ हे काम 2024 मध्ये ‘दरवर्षी 20 ऑगस्ट’ असं लावलं असेल, तर 2025 मध्ये ते बाप्पा यायच्या जेमतेम आठवडाभर आधी आठवण करून देणार. संकष्टीचंही तेच, ‘दर महिन्याला’ या पर्यायात ती बसत नाही.

पण सगळंच पंचांग असं सरकत नाही. मृग नक्षत्र दरवर्षी 7-8 जूनलाच लागतं आणि संक्रांत 14-15 जानेवारीलाच येते, कारण त्या गोष्टी सूर्यावर मोजल्या जातात. शेतकऱ्याचं पेरणीचं गणित नक्षत्रांवर का असतं, याचं उत्तर इथे आहे. पावसाळा सूर्याला बांधलेला आहे, चंद्राला नाही. त्यामुळे ‘मृगाआधी रोपवाटिकेची तयारी’ हे काम ॲपमध्ये दरवर्षी 1 जूनला बिनधास्त लावता येतं. पाडव्याची खरेदी मात्र तशी लावता येत नाही.

परवा म्हणजे कधी?

आता थोडं तांत्रिक, पण उपयोगाचं. अनेक जण ॲपऐवजी गुगल शीट किंवा नोशनमध्ये स्वतःची यादी बनवतात. सॉर्ट दाबलं की क्रम भलताच लागतो. 10 ऑगस्ट वर, 2 ऑगस्ट खाली. कारण तो रकाना तारखेचा नसतो, साध्या मजकुराचा असतो, आणि मजकूर अक्षरानुसार लागतो. ‘10’मधला 1 हा ‘2’च्या आधी येतो, बास. नोशनमध्ये रकान्याचा प्रकार ‘डेट’ निवडा, शीटमध्ये फॉरमॅट तारखेचा करा, म्हणजे हा घोळ थांबतो. फाइलच्या नावात तारीख लिहायची असेल तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहा, जसं 2025-08-02. ‘आयएसओ 8601’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण 1988 मध्ये हेच सांगण्यासाठी आलं. या पद्धतीत अक्षरांचा क्रम आणि तारखांचा क्रम एकच होतो.

दुसरी गडबड 5/6 ची. आपल्याकडे ती 5 जून, अमेरिकेत 6 मे. ॲपचा प्रदेश अमेरिका असेल तर काम महिनाभर आधी येऊन बसतं. सेटिंगमध्ये एकदा भारत निवडलेला आहे का ते बघावं.

आणि घरच्यांनी सांगितलेलं काम टाकताना ‘परवा’पासून सावध. मराठीत होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, दोघांना एकच शब्द आहे. “परवा पौडला जायचंय” हे कळतं. पण नुसतं “परवा, पौड” असं लिहून ठेवलं, तर चार दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही. यादीत नेहमी आकड्यातली तारीख लिहावी.

ज्याला तारीखच नाही ते काम

भाताची लावणी कधी? रोपं तयार झाली, खाचरात पाणी साचलं आणि माणसं मिळाली की. मुळशीत ती बहुतेक जुलैमध्ये होते, पण नक्की दिवस कुणी सांगू शकत नाही. अशा कामाला जबरदस्तीने ‘8 जुलै’ चिकटवलं की ते 9 जुलैला लाल होणार, 10 ला लाल राहणार, आणि मग यादीतल्या खऱ्या लाल कामांकडेही दुर्लक्ष व्हायला लागणार. खोट्या तारखांचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे.

मग करायचं काय? कामाची तारीख टाकायची नाही, चौकशीची टाकायची. “1 जुलै: लावणीचं बाबांना विचारणे.” उत्तर आलं “अजून आठवडा”, की तीच चौकशी 8 जुलैला सरकवायची. सुट्टीचा अर्ज मात्र आधीच तोंडी बोलून ठेवायचा, कारण मॅनेजरच्या कॅलेंडरमध्ये पाऊस नसतो.

ही कल्पना नवी नाही. 2001 च्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकात डेव्हिड ॲलन यांनी 43 फोल्डर्सची पद्धत सांगितली होती. 31 फोल्डर्स दिवसांचे, 12 महिन्यांचे. एखादा कागद ज्या दिवशी परत डोळ्यासमोर यायला हवा, त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि तोवर विसरून जायचं. तो दिवस काम करण्याचा असलाच पाहिजे असं नाही, नुसतं बघण्याचाही असू शकतो. विसरून जाता येणं हा भागही महत्त्वाचा आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी 2011 मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली की काम न होताही ते घोळणं कमी होतं.

आणि बाकीची, ‘कधीतरी करू’ अशी कामं? माळ्यावरची साफसफाई, जुने फोटो स्कॅन करणं? त्यांना तारीख देऊच नये. गुगल टास्क्समध्ये तारखेनुसार सॉर्ट केलं की अशी कामं आपोआप तळाशी जातात. तिथे ती सुखाने राहू शकतात.

लाल झालेल्या कामांचं काय?

कितीही नीट लावलं तरी काही कामं राहणारच. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये यावर एक चांगला उपाय आहे, ‘माय डे’. ही यादी रोज रात्री रिकामी होते. काम मूळ यादीत शाबूत असतं, पण आज काय करायचं हे रोज सकाळी नव्याने निवडावं लागतं. कालचं अपयश आजच्या पानावर दिसत नाही. बाकी तारखांची सगळी कामं ‘प्लॅन्ड’ या वेगळ्या यादीत दिसतात. याच ॲपमध्ये एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. काम कधीचं आहे ही तारीख आणि आठवण करून देणारी घंटा, या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती तारीख टाकून फोन वाजेल अशी वाट बघत बसलात तर तो वाजणार नाही.

इतर ॲपमध्ये लाल कामं साचली की सगळी निवडून ‘उद्या’वर ढकलायचा मोह होतो. त्याने उद्याचाही दिवस लाल होतो, इतकंच. त्याऐवजी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारावा, की या तारखेला बाहेरून कुणी बांधलं होतं का? महावितरणने, ऑफिसने, सरकारने? बांधलं असेल तर ते आजच. आपणच उगाच टाकलेली तारीख असेल, तर ती काढून टाकली तरी काही बिघडत नाही. दोनदा ढकललेलं काम तिसऱ्यांदा ढकलण्यापेक्षा त्याचे तुकडे करणं बरं. ‘इन्शुरन्स’ होत नसेल तर ‘जुनी पॉलिसी शोधणे’ तरी होतं.

ॲप कोणतं घ्यावं, यावर तासन्‌तास व्हिडिओ बघण्यात अर्थ नाही. वंडरलिस्ट एकेकाळी लाखो लोकांचं लाडकं ॲप होतं. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि 6 मे 2020 ला बंद केलं. वापरणाऱ्यांना याद्या उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या. त्यामुळे जे ॲप घ्याल त्यात यादी बाहेर काढायची सोय आहे का, एवढं आधी तपासून ठेवा.

राहिलं आजोबांचं श्राद्ध. तिथीवर रिपीट लावता येत नाही, पण आठवणीवर लावता येतो. चांद्यातल्या त्या मुलीने ॲपमध्ये एकच काम ‘दरवर्षी’ म्हणून टाकायचं, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी: “नवं कालनिर्णय घेऊन आईशेजारी बसणे, श्राद्ध, गणपती, पाडवा आणि गावची जत्रा यांच्या पुढच्या वर्षीच्या तारखा टाकणे.” अर्ध्या तासाचं काम आहे. पानं उलटताना दोन-चार तारखा आईलाच आठवतील, ज्या यादीत कधी नव्हत्याच.